तांदळात लिहिलेली बायको

कळव्यात ‘प्रायोजक’ या शब्दाला वजन आहे. दहीहंडी असो, रात्रीचे क्रिकेटचे सामने असोत, नाही तर देवळातला हरिनाम सप्ताह असो; चौकातल्या बॅनरवर ज्याचा फोटो देवापेक्षा मोठा असतो, आणि ज्याला काकड आरतीला जाग येत नाही पण सत्काराला बरोबर येते, तो प्रायोजक. त्यामुळे कॅनडातून रसिकाने फोनवर “अरे, मी तुला स्पॉन्सर करतेय” असं सांगितलं, तेव्हा सुदेश मढवीच्या डोळ्यांपुढे तेच बॅनर उभं राहिलं. वर बायको, हात जोडून, गॉगल लावून. आणि खाली शुभेच्छुकांच्या दाटीत टपालाच्या तिकिटाएवढा आपण.

“आणि मी कोण मग?” त्याने विचारलं.

“तू डिपेंडंट.”

“म्हणजे?”

“म्हणजे माझ्यावर अवलंबून असलेला. तुला खायला-प्यायला घालायची जबाबदारी माझी, असं मी सरकारला लिहून द्यायचंय.”

“आमच्या घराण्यात आजवर कुणाला खायला घालायला सरकारला लिहून द्यावं लागलेलं नाहीये,” सुदेश म्हणाला. मढव्यांची मिठागरं गेली, शेतं गेली, तिथे बिल्डिंगी आल्या. पण ताठा कुणाला विकला नव्हता. त्याला गिऱ्हाईकच मिळालं नसावं.

रसिका मूळची डोंबिवलीची. गेली काही वर्षं ती विनिपेगच्या एका इस्पितळात नर्स होती आणि तिथे कायमचं राहायची परवानगी तिला लग्नाआधीच मिळालेली होती. मार्गशीर्षात महिनाभराची रजा काढून ती आली, सुदेशशी लग्न केलं आणि मेंदी पुरती उतरायच्या आत परत ड्युटीवर हजर झाली. आता नवऱ्याला तिकडे न्यायचं तर अर्ज तिने करायचा आणि हे लग्न खरोखरीचं आहे, व्हिसापुरतं नाही, याचे पुरावे दोघांनी मिळून द्यायचे.

“हे बघ,” रसिकाने बजावलं, “मॅरेज सर्टिफिकेट, चार-पाच फोटो, थोडे मेसेज. बस. जास्त शहाणपणा करू नकोस.”

हे ती कुणाला सांगत होती? सुदेश वर्तकनगरच्या एका सहकारी बँकेत केवायसीच्या टेबलावर बसायचा. माणूस समोर उभा असला तरी तो आहे हे कागदाशिवाय न मानण्याचा त्याला पगार मिळत असे. आधारवर ‘शेवंता’ आणि पासबुकावर ‘शेवंताबाई’ दिसली की तो चष्मा कपाळावर चढवून सांगे, “या दोन वेगळ्या बाया आहेत.” म्हातारी म्हणे, “अरे बाबा, मीच ती.” त्यावर सुदेश अत्यंत सौजन्याने म्हणे, “ते तुम्ही म्हणताय आजी. कागद नाही म्हणत.” अशा कितीतरी शेवंताबाई त्याने उन्हातान्हातून परत पाठवल्या होत्या. पुरावा म्हणजे काय हे त्याला एका नर्सने शिकवावं, हे काही त्याला रुचलं नाही. त्याने डोंबिवलीतला एक सल्लागार गाठला.

साडीच्या दुकानावरच्या पहिल्या मजल्यावर सलिल नावाचा हा गृहस्थ लोकांना परदेशी पाठवायचा. तो स्वतः लोणावळ्याच्या पुढे गेलेला नव्हता. पण आपले बुवा तरी कुठे वैकुंठ पाहून आलेले असतात? सांगण्यात गोडी असली की झालं. सलिलने नवरा-बायकोचे मेसेज वाचायला घेतले.

“‘जेवलीस?’ ‘हो, तू?’ ‘हो.’ ‘काय?’ ‘भेंडी.’” तो वाचता वाचता थांबला. “साहेब, सहा महिने हेच आहे. रोमँटिक काहीच नाही?”

“आता भेंडी आहे म्हटल्यावर भेंडीच लिहिणार ना?”

“हे वाचून तुम्ही एका मेसमधले पार्टनर वाटता. फोटो दाखवा.”

फोटोंचीही तीच गत. पाचशे माणसांचं लग्न, त्यामुळे नवरा-बायकोच्या मध्ये प्रत्येक फोटोत कुणीतरी होतंच. सुरुवातीला अंतरपाट होता, तो दूर झाल्यावर मामा आले, मामा हलले तर आई आली. फक्त दोघांचा असा एकच फोटो निघाला. त्यात फोटोग्राफरने हौसेने मागे बर्फाचे डोंगर चिकटवले होते.

“हा नको,” सलिल म्हणाला. “स्वित्झर्लंडला कधी गेलेलात म्हणून विचारतील. तुम्ही असं करा, सामाजिक पुरावा द्या. अल्बमचं कव्हर, दारावरची पाटी, गावात बॅनर लागला असेल तर त्याचा फोटो, शेजाऱ्यांची पत्रं. जेवढा पुरावा जास्त, तेवढं बरं.”

सुदेशला हा माणूस एकदम विद्वान वाटला. तो त्याच संध्याकाळी कामाला लागला, आणि इथेच त्याचं नशीब फिरलं.

कारण मढव्यांच्या घरात एक रीत होती. नवी सून माप ओलांडून आत आली की ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने सोन्याच्या अंगठीने त्यात तिचं नवं नाव लिहायचं, आणि मग जन्मभर त्या घरात तिने त्याच नावाने ‘ओ’ द्यायची. रसिका हसून म्हणाली होती, “आई, तांदळात काय हवं ते लिहा. पासपोर्टवर मात्र काही लिहू नका.” सुदेशच्या आईने, आवडाबाईंनी, नाव सांगितलं ‘समृद्धी’. सुदेशने ते लिहिलं, बायकांनी टाळ्या पिटल्या, पेढे वाटले गेले. त्या क्षणापासून रसिका हे नाव कळव्यातून हद्दपार झालं. अल्बमवर सोनेरी अक्षरांत ‘सुदेश आणि समृद्धी’. दारावर पितळेची नवी पाटी, ‘सौ. समृद्धी सुदेश मढवी’. चौकात भलंमोठं बॅनर, ‘सुदेश व समृद्धी यांना विवाहाप्रीत्यर्थ समस्त गावकऱ्यांकडून शुभेच्छा’.

शेवंता आणि शेवंताबाई यांच्यातला फरक टेबलापलीकडून ओळखणाऱ्या सुदेशने हे सगळे फोटो स्वतःच्या हाताने काढले, नीट क्रम लावला आणि मॅरेज सर्टिफिकेटला जोडले. त्या सर्टिफिकेटवर बायकोचं नाव होतं रसिका. त्याला काही खटकलं नाही. स्वतःच्या घरात समृद्धी म्हणजे कोण हे त्याला माहीत होतं. आणि जे आपल्याला माहीत आहे ते कॅनडाला माहीत असणारच, अशी आपल्याकडच्या सज्जनांची समजूत असते.

शेजाऱ्यांची पत्रं तर रत्नं होती. समोरच्या कलावती काकूंनी लिहिलं, ‘समृद्धी फार लाघवी. सुदेश तिच्यावाचून पाण्याबाहेर काढलेल्या मासळीसारखा तडफडतो.’ वरच्या मजल्यावरचे देवराम काका सरकारी नोकरीतून निवृत्त. त्यांनी एक मसुदा केला, तो फाडला, दुसरा केला आणि शेवटी लिहिलं, ‘सदर इसम चारित्र्यवान असून सौ. समृद्धी हिच्याखेरीज अन्य कोणत्याही स्त्रीशी त्याचा कसलाही संबंध नसल्याचे मी खात्रीपूर्वक नमूद करतो.’

हे सगळं रसिकाला न दाखवता, तिला सुखद धक्का द्यावा म्हणून, सलिलमार्फत थेट अर्जात गेलं.

धक्का बसला. व्हिसावाल्यांचं पत्र रसिकाला आलं. भाषा अगदी नम्र होती, आपल्याकडे मयताला जाताना वापरतात तशी. अर्जदाराने आपला विवाह रसिका हिच्याशी झाल्याचे म्हटले आहे. परंतु त्याच्या घरावर, अल्बमवर आणि गावच्या फलकावर समृद्धी नावाची स्त्री पत्नी म्हणून दिसते. एका प्रतिष्ठित शेजाऱ्याने तर समृद्धीखेरीज अन्य कोणत्याही स्त्रीशी अर्जदाराचा संबंध नसल्याची ग्वाही दिली आहे. तरी समृद्धीसोबतचा विवाह संपुष्टात आल्याचा पुरावा द्यावा, अन्यथा अर्ज नामंजूर करण्यात येईल.

रसिकाचा फोन आला तेव्हा सुदेश बँकेत होता.

“सुदेश, ही समृद्धी कोण?”

“अगं तूच.”

“मी मला ओळखते. त्यांना काय सांगू? माझा नवरा माझ्या पाठीमागे माझ्याशीच संसार करतो?”

“गैरसमज झालाय. आपण एक पत्र लिहू...”

“तू लिहू नकोस!” रसिका ओरडली. मग तिचा आवाज एकदम बसला. “अर्ज नाकारला ना सुदेश, तर परत पहिल्यापासून. अजून दोन हिवाळे. मी इथे बर्फात रोज एकटी कुलूप उघडते रे. कंटाळलेय मी.”

एवढं ऐकल्यावर सुदेशला वाटलं, आपल्या टेबलावरचे सगळे कागद गोळा करून खाडीत फेकून द्यावेत. समोर एक म्हातारी पासबुक घेऊन उभी होती. तिच्या नावात एक ‘बाई’ जास्त होती. सुदेशने एकही कागद न मागता शिक्का मारला. म्हातारी बिचारी घाबरली. हा माणूस आज आजारी दिसतोय, असं ती शिपायाला सांगून गेली.

संध्याकाळपर्यंत बातमी गावभर झाली. सुदेशला दोन बायका आहेत आणि त्याचा शोध कॅनडाने लावला, हे ऐकून त्याच्याकडे आजवर ढुंकूनही न पाहणारे लोक आदराने पाहू लागले. सल्ल्यांना तर ऊत आला.

“गॅझेट कर,” देवराम काका म्हणाले. “रसिकाचं अधिकृतपणे समृद्धी करून टाक. विषय संपला.”

“काका, मग तिचा पासपोर्ट, नर्सिंगचं लायसन्स, तिथलं कार्ड, सगळं बदलावं लागेल. वर विचारतील, रसिका कुठे गेली?”

“ते त्यांना विचारू दे की. आपण पुढच्या पत्रात उत्तर देऊ.” काकांनी आयुष्यभर फायली अशाच चालवल्या होत्या.

“मी सांगते,” कलावती काकू म्हणाल्या, “समृद्धीशी घटस्फोट घेऊन टाक. नाही तरी ती नाहीचे. भांडायला येणार नाही, पोटगी मागणार नाही. अशी बायको सुटायला भाग्य लागतं.”

काकूंचा सल्ला वेडगळ होता. पण नामंजुरीच्या भीतीने माणूस काय काय करतो! शनिवारी सुदेश काकांना घेऊन कल्याणला एका वकिलाकडे निघाला. काकांच्या मते गाडीने शीळफाट्यावरून गेलं की रस्ता मोकळा असतो. तो मोकळा रस्ता त्यांनी बहुधा नोकरीत असताना पाहिला असावा. शीळफाट्याला ट्रकांच्या मध्ये अडकून पडल्यावर काकांनी मानवी देहाच्या क्षणभंगुरतेवर एक छोटंसं निरूपण केलं. सुदेशला ते पटलं, कारण दोघेही तोवर घामाने निम्मे झाले होते.

वकिलाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“घटस्फोट मिळेल,” तो म्हणाला. “पण त्यासाठी आधी समृद्धीशी लग्न झाल्याचा पुरावा लागेल.”

“लग्न झालेलंच नाही. हेच तर म्हणतोय मी.”

“मग आधी करून घ्या. पण तुमचं रसिकाशी झालंय ना? मग तो गुन्हा होईल.” वकिलाने आपलं कार्ड पुढे केलं. “गुन्ह्यातून सोडवायचं कामही मी करतो.”

सोमवारी सुदेश सरकारी कचेरीत गेला. समृद्धी नावाची कुणी बाई आमच्या घरात नाही, असा दाखला त्याला हवा होता.

“जन्माचा देतो, मृत्यूचा देतो,” खिडकीतला बाबू म्हणाला. “नसण्याचा नाही देत.”

“अहो, ती जन्मलेलीच नाही.”

“मग मेली कशी?”

“मेलेली पण नाही!”

“म्हणजे जिवंत आहे,” बाबूने निवाडा दिला. “तिला घेऊन या.”

खिडकीच्या या बाजूला उभं राहिल्यावर जग कसं दिसतं, हे सुदेशला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी त्याने लेखी मागितलं असतं.

अखेर सलिलनेच वाट काढली. म्हणजे त्याने रसिकाला फोन केला, रसिकाने त्याला जे सांगितलं ते त्याने टाइप केलं आणि स्वतःचं म्हणून सुदेशला दिलं. रसिका आणि समृद्धी एकच, असं प्रतिज्ञापत्र दोघांनी करायचं. मात्र शेवटी सलिलने आपल्या अकलेचं एक पान जोडलं होतं. ते घरातली मोठी व्यक्ती म्हणून आवडाबाईंनी द्यायचं: ‘समृद्धी हे नाव केवळ गंमत म्हणून ठेवण्यात आले होते. त्यास काहीही अर्थ नसून ते मी रद्द करीत आहे.’

आवडाबाई देवळातून नुकत्याच आल्या होत्या. सप्ताह चालू होता, कपाळावर बुक्का होता, आणि बुवांनी दिलेल्या दृष्टांतात त्या अजून निम्म्या अडकलेल्या होत्या. सुदेशने कागद वाचून दाखवला. त्या कोपऱ्यातल्या देव्हाऱ्याकडे बघत राहिल्या.

“गंमत?” त्या म्हणाल्या. “देवासमोर ताट मांरला, तांदूल पसरला, नाव ठेवला. ती गंमत व्हती?”

“आई, फक्त कागदापुरतं. सही कर ना.”

“कागदाला लाज नसंल. मना हाय. मी खोटा नाय लिवनार.”

“अगं माझा व्हिसा अडकलाय!”

“अरकूं दे. सुनेला घरान घेतली ती नाव देवून घेतली. आता नाव पुसू म्हनजे तिला भायेर कारू?”

सुदेशने विनवलं, चिडून पाहिलं, एक दिवस जेवण सोडून पाहिलं. सप्ताह तोवर संपला होता; आवडाबाईंनी त्या दिवशी खाडीतल्या निवट्या मासळीचं कालवण केलं, म्हणून ते उपोषण दुपारपर्यंतही टिकलं नाही. त्याला राहून राहून वाटत होतं, एक बाई बर्फात कुलूप उघडतेय आणि दुसरी इथे तांदळाच्या ताटासाठी हटून बसलीये, आणि दोघींच्या मध्ये आपण अंतरपाट होऊन लोंबतोय.

आईच्या सहीविना कागद गेले. उत्तर आलं: खात्री पटत नाही, व्हिडिओवर मुलाखत होईल, तीच शेवटची संधी.

मुलाखतीच्या सकाळी सुदेशने लग्नातला कोट घातला. खाली लुंगीच होती, कारण कॅमेरा तिथवर पोचत नव्हता. एकादशी होती, त्यामुळे देवळातला टाळ-मृदंग कर्ण्यातून थेट बैठकीच्या खोलीत येत होता. त्याने धावत जाऊन कर्णा दुसरीकडे फिरवायची विनंती केली. ती लगेच मान्य झाली. आता गजर समोरच्या बिल्डिंगीवर आपटून दुप्पट येऊ लागला.

पडद्यावर तीन चौकोन उघडले. एकात सोनेरी केसांच्या अधिकारी मॅडम, दुसऱ्यात अस्खलित पुणेरी मराठी बोलणाऱ्या दुभाषी बाई, तिसऱ्यात नुकतीच ड्युटीवरून आलेली, ओढलेल्या डोळ्यांची रसिका.

“मॅडमचा प्रश्न असा आहे,” दुभाषी बाई म्हणाल्या, “की आपण आपल्या पत्नीला कोणत्या नावाने हाक मारता?”

रसिका म्हणावं तर आतल्या खोलीत आई, समृद्धी म्हणावं तर समोर व्हिसा. आणि खरं सांगायचं तर तो कुठलंच नाव घेत नसे.

“मी ‘ऐक ना’ म्हणतो,” तो म्हणाला.

दुभाषी बाईंनी समजावून सांगितलं. मॅडमनी काहीतरी टिपून घेतलं.

“मॅडम म्हणतात, आपल्याकडे पत्नीची दोन नावं आहेत आणि त्यातलं एकही आपण वापरत नाही.”

“ते प्रेमाने, मॅडम...”

“मॅडम विचारतात, समृद्धी आत्ता कुठे आहे?”

सुदेशने पाठ केलेलं उत्तर सुरू करण्याआधीच आतला पडदा सरकला. आवडाबाई पदराला हात पुसत आल्या आणि खुर्ची ओढून लेकाच्या पुढ्यात अशा बसल्या की सुदेशचा फक्त एक कान कॅमेऱ्यात उरला.

“विनिपेगला हाय,” त्या म्हणाल्या.

दुभाषी बाई गडबडल्या. “म्हणजे समृद्धीही कॅनडातच आहे? मग रसिका?”

“ती पन थंयच.”

“दोघी?”

“दोघी कशा? एकच हाय ती. ती बग, तुज्या बाजूच्या चौकोनान बसलीय. तिच्या आईसनी ठेवला ता रसिका, मी ठेवला ता समृद्धी.”

मॅडम काहीतरी म्हणाल्या. दुभाषी बाई अदबीने म्हणाल्या, “मॅडम म्हणतात, एका व्यक्तीला अशी दोन नावं असणं त्यांना समजायला कठीण जातंय.”

आवडाबाईंनी लॅपटॉपकडे निरखून पाहिलं. लहान पोराला समजावतात तसा त्यांचा सूर झाला.

“बाय, भायेर भजन ऐकू येतंय ना? त्या देवाला विठ्ठल म्हनतान, पांडुरंग म्हनतान, विठोबा म्हनतान, कुनी पंढरीनाथ म्हनतान. नावं संपनार नाय, रात संपल. तवा रखुमाईन एवढ्या जनांशी लगीन लावला का?”

दुभाषी बाईंनी भाषांतराला तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. त्यांनी शेवटी ते सांगितलं तेव्हा मॅडमचे ओठ हलले. पण त्या लगेच सावरल्या. आपल्याकडचे साहेब आणि तिकडचे, हसू आवरण्यात सारखेच.

“मॅडम विचारतात, या प्रथेचा काही लेखी पुरावा आहे का?”

“लेखी कशाला? मी बसलीय ना,” आवडाबाई म्हणाल्या. “मी लग्नाआदी नंदा व्हती. सासूनी तांदलान आवडा लिवला. आज मना नंदा म्हनून हाक मारनारा एक मानूस उरला नाय. आई गेली, भाव गेला. कुनी मारली तं मी मागं वलून पन बगनार नाय, एवरी मी आवडा झालीय.” त्यांनी पडद्यावरच्या रसिकाकडे बोट केलं. “म्हनून मी हिला सांगितला, घरान समृद्धी, तुज्या नोकरीवर रसिका. माझा गेला तसा तिचा जावू नये. पन मी दिलेला नाव खोटा हाय, असा मात्र मी लिवून देनार नाय. काय करायचा ता कर.”

दुभाषी बाईंनी चष्मा काढून पुसला. त्यांनी या वेळी फार सावकाश भाषांतर केलं. सुदेशला आईचं माहेरचं नाव आजवर माहीतच नव्हतं. बँकेत तिचं खातं उघडताना त्याने तिच्या आईचंसुद्धा नाव विचारलं होतं. हे विचारलं नव्हतं, कारण फॉर्मवर तसा रकाना नव्हता.

तिसऱ्या चौकोनातली रसिका डोळे पुसत म्हणाली, “आई...”

“तू आदी सांग,” आवडाबाई एकदम तिच्यावर घसरल्या, “ह्यो तोंर एवरासा का झालाय? जेवलीस का?”

“हो आई, फ्रीजमधलं होतं ते...”

“फ्रीजमंदला! कवाचा?”

“रविवारचं.”

“आज वार कनचा? शिला खातेस? नर्स हायेस ना तू? लोकांना अक्कल देतेस आनि सोता शिला खातेस?”

“आई, ड्युटी करून परत भाकऱ्या कधी थापू? तुम्ही या ना इथे, करून घाला.”

“येतेय बग! तवा शिकवलेली भाकरी, थापलीस का एक तरी?”

“थापलेली! तुटली.”

“पानी कोमट घेतला नसशील!”

“घेतलेलं!”

“नाय घेतला. घेतला असता तं तुटली नसती.”

दुभाषी बाई सुरुवातीला सगळं सांगत होत्या. पिठाच्या पाण्यापर्यंत आल्यावर त्यांनी नाद सोडला. मॅडमनी मध्ये दोनदा ‘एक्स्क्यूज मी’ म्हणून पाहिलं. सासू-सुनेपैकी कुणाला ते ऐकूही गेलं नाही. सुदेशचा कान तेवढा हळूहळू लाल होत होता. बऱ्याच वेळाने मॅडमनी हात वर केला, शाळेतल्या मुलीसारखा, आणि दुभाषी बाईंना काही सांगितलं.

“मॅडम म्हणतात,” दुभाषी बाईंनी घसा साफ केला, “सासूबाई आणि सूनबाई यांचं नातं अस्सल आहे, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नाही. नवऱ्याचं नातंही त्याच आधारावर विचारात घेतलं जाईल.”

असा सुदेश मढवी आपल्याच मुलाखतीत दोन वाक्यं बोलून उत्तीर्ण झाला.

पुढे कागद आपल्या चालीने चालले. रसिकाने मधल्या काळात सासूसाठी पाहुण्यांच्या व्हिसाचा अर्ज केला. पाहुण्याला परवानगी लवकर मिळते आणि नवऱ्याला उशिरा, हा तिकडचा कायदा. आपल्याकडच्या कित्येक घरांतही हाच चालतो. ज्या बाईच्या हट्टामुळे सुदेशचा व्हिसा अडकला होता, ती अंगावर नवाकोरा कोट, पायात कॅनव्हासचे बूट आणि पिशवीत लाकडी पोळपाट घेऊन त्याच्या आधी विमानात बसली. सुदेश सामान उचलायला गेला होता.

त्याची मंजुरी आली ती आईला जाऊन थोडे दिवस झाल्यावर. बँकेतच कळलं. त्याने जिन्यात येऊन रसिकाला फोन लावला. उचलला आवडाबाईंनी.

“आई, झालं! माझा व्हिसा झाला!”

“झाला? बरा झाला.” तिकडे मध्यरात्र होत आली होती, तरी मागे भाकरी थापल्याचा आवाज येत होता. “पन एवऱ्यात नको येव तू.”

“म्हणजे?”

“अरे, खोली एकच हाय. आमी दोघी झोपतंव. तू कुठं मावशील? आनि देवाला दिवा कोन लावील तिथं? मी जरा महिना-दोन महिने र्‍हाते, मंग बगू.”

सुदेश जिन्यातच पायरीवर बसला. कॅनडा सरकारने त्याला सगळे कागद तपासून आत घेतलं होतं, आणि आता एवढ्याशा कारणावरून आईने सीमेवर अडवलं होतं. मग तिकडे झटापट झाल्यासारखं वाटलं आणि फोनवर रसिकाचा आवाज आला.

“ऐक ना,” ती म्हणाली. ती नेमकं कुणाच्या तोंडचं बोलतेय हे तिच्या लक्षात आलं असावं, कारण ती हसली. “तिकीट काढ. आजच. दिवा काकू लावतील. झोपायचं मी बघते.”

“आणि आई?”

फोन लांब गेला. मागे दोघींचं काहीतरी कुजबुजणं, मग वाद, मग हसणं ऐकू आलं. शेवटी आवडाबाई लांबूनच ओरडल्या, “येतोसच तं सोडे आन! भरपूर आन! पोर सुकली ही हितं.”

सुदेशने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि सुक्या मासळीच्या बाजाराला निघाला. सोडे कॅनडात नेऊ देतात की नाही, याची चौकशी त्याने मुद्दामच केली नाही.